जाडजूड स्लॅब सेरिफ फॉन्ट वापरायचाय? निवडीपासून छपाईपर्यंतची वाट

जुन्या सर्कशीची पोस्टर्स, नाटकांची पत्रकं, गुन्हेगाराला पकडून देणाऱ्यास इनाम जाहीर करणारे कागद. यांवरची रुंद, ठाम रोमन अक्षरं डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक अक्षराच्या पायाशी आणि माथ्याशी चौकोनी, जाड पट्टी असते. ती पट्टी म्हणजे स्लॅब, आणि अशा अक्षरांचा फॉन्ट म्हणजे स्लॅब सेरिफ. त्यातला ‘डिस्प्ले’ प्रकार मोठ्या आकारासाठीच काढलेला असतो: पोस्टर, मुखपृष्ठ, बोधचिन्ह, वेबपानाचा मथळा.

हा फॉन्ट पहिल्यांदा वापरणाऱ्यांची गडबड बहुतेक वेळा एकाच जागी होते. फॉन्टच्या जाहिरातीतलं देखणं चित्र पाहून निवड होते आणि स्वतःचे शब्द त्यात बसवायची वेळ आली की सगळं बिनसतं. म्हणून या लेखाचा सगळा भर एका गोष्टीवर आहे: तुमचे शब्द, तुमचा आकार, तुमचं माध्यम यांवर फॉन्ट पारखायचा. बाकीच्या पायऱ्या त्या ओघात येतात.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- मथळ्याचा अंतिम मजकूर, शुद्धलेखन तपासलेला. ‘असंच काहीतरी असेल’ यावर फॉन्ट निवडता येत नाही.
- मथळा प्रत्यक्षात किती रुंद आणि किती उंच असणार, त्याचं माप.
- काम कुठे दिसणार: कागद, कापड, कापलेलं व्हिनाइल की स्क्रीन.
- फॉन्टमधली सगळी चिन्हं दाखवणारं सॉफ्टवेअर. इलस्ट्रेटर, इनडिझाइन, अफिनिटी चालेल. फुकटात हवं तर इंकस्केप आणि स्क्रायबस आहेत.
- साधा प्रिंटर आणि ए४ कागद. रंगीत नसला तरी चालेल.
- कामाच्या फोल्डरमध्येच लायसन्ससाठी वेगळा फोल्डर.

१. आधी घराणं ठरवा

‘जुन्या धाटणीचा स्लॅब’ म्हटलं की निदान चार वेगळ्या गोष्टी समोर येतात. त्या ओळखता आल्या की शोध निम्म्यावर येतो, म्हणून इथे जरा थांबू.

पहिलं घराणं अँटिक किंवा ईजिप्शियन. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापील जाहिरातींचं पेव फुटलं आणि पुस्तकांसाठी घडवलेली नाजूक अक्षरं भिंतीवर फिकी पडू लागली. लंडनचे व्हिन्सेंट फिगिन्स यांनी १८१५ च्या सुमारास ‘अँटिक’ या नावाने जाड अक्षरं बाजारात आणली. छापील नमुन्यांत दिसणारा हा पहिला स्लॅब सेरिफ मानला जातो. या घराण्यात उभी रेघ आणि आडवी पट्टी साधारण सारख्याच जाडीची असते आणि दोन्ही काटकोनात मिळतात. गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळणारा अल्फा स्लॅब वन याच वळणाचा आहे. रॉबर्ट थॉर्न यांच्या ईजिप्शियन अक्षरांवरून तो नव्याने काढलेला आहे. अक्षर काळंभोर, आतली पोकळी अगदी चिंचोळी. दोन-तीन शब्दांसाठी उत्तम.

दुसरं घराणं क्लॅरेंडन. लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीचे (फाउंड्री म्हणजे छपाईची अक्षरं घडवणारा कारखाना) रॉबर्ट बेस्ली यांनी ते १८४५ मध्ये नोंदवलं. इथे पट्टी उभ्या रेघेला काटकोनात न मिळता छोट्या कमानीने मिळते आणि जाड-बारीक रेघांमध्ये थोडा फरक असतो. मूळ क्लॅरेंडन साध्या मजकुरात एखादा शब्द ठळक दिसावा म्हणून केलेला होता, त्यामुळे या घराण्यातली अक्षरं तुलनेने वाचायला सोपी असतात. बेस्ली यांना मिळालेलं संरक्षण तीनच वर्षांचं होतं. ते संपताच इतरांनी नकला काढल्या आणि क्लॅरेंडन सगळीकडे पसरला. आज त्यांच्याच नावाचा ‘बेस्ली’ हा मोफत फॉन्ट मिळतो. पहिल्यांदाच हात घालत असाल तर माझा कौल या घराण्याला: चूक झाली तरी फार दिसत नाही आणि तीन-चार ओळींचा मथळाही सहज पेलतो.

तिसरं घराणं उलट्या वजनाचं; वजन म्हणजे रेघांची जाडी. यात आडव्या पट्ट्या उभ्या रेघांपेक्षा जाड. कॅस्लन आणि कॅदरवुड यांनी १८२१ मध्ये ‘इटालियन’ या नावाने असं अक्षर दाखवलं. पुढे अमेरिकेत ते उंच आणि अरुंद होत गेलं, त्याला फ्रेंच क्लॅरेंडन म्हणतात. काउबॉय चित्रपटांतल्या पाट्यांचं अक्षर ते हेच. रॉबर्ट हार्लिंग यांचा १९३८ चा प्लेबिल याच जातीचा आहे. दिसताक्षणी ‘वेस्टर्न’ वाटतो आणि नेमका तोच त्याचा धोका आहे: विषय तसा नसेल तर वाचणाऱ्याच्या मनात भलतंच चित्र उभं राहतं.

चौथं घराणं भौमितिक, १९३० च्या आसपासचं. मेम्फिस १९२९ चा, रॉकवेल १९३४ चा. गोल अक्षरं जवळपास कंपासने काढल्यासारखी, पट्ट्या सरळ. हाइनरिख योस्ट यांच्या त्याच काळातल्या अक्षरांवर बेतलेला ‘बेवन’ हा मोफत फॉन्ट जाडजूड मथळ्याला छान उठाव देतो. उद्योग, यंत्रं, शाळा-कॉलेजचं वातावरण हवं असेल तर इथे पाहा.

लाकडी खिळ्यांचा (खिळा म्हणजे छपाईचं सुटं अक्षर) वारसा मात्र या सगळ्यांत मिसळलेला आहे. मोठ्या आकाराचे शिशाचे खिळे जड, महाग आणि ठिसूळ पडायचे. न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्स यांनी १८२७ मध्ये लाकूड कोरणारा राउटर कामाला लावला आणि पुढच्याच वर्षी लाकडी अक्षरांचा कॅटलॉग काढला. कठीण मेपलच्या आडव्या छेदावर कोरलेली ही अक्षरं हव्या त्या रुंदीत मिळू लागली: अति रुंद, साधी, अरुंद, अति अरुंद. जुन्या पोस्टरवर प्रत्येक ओळ काठोकाठ भरलेली दिसते ती त्यामुळे. जुळारी, म्हणजे खिळे जुळवून ओळ लावणारा, अक्षर ताणत नसे; ओळीत बसेल त्या रुंदीचा संच उचलत असे. हे लक्षात ठेवा, सहाव्या पायरीत कामी येईल.

२. तुमच्या शब्दांची यादी करा

मथळ्यातली सगळी वेगवेगळी अक्षरं कागदावर उतरवा. फॉन्टचं खरं रूप काही ठरावीक अक्षरांत उघडं पडतं: कॅपिटल आर आणि के यांचा पाय, जी ची हनुवटी, क्यू ची शेपटी, एस चा कणा, आणि लहान लिपीतले ए व जी. जाडजूड स्लॅबमध्ये सगळ्यात अवघड अक्षर बहुधा एस असतं, कारण जाड रेघ, दोन वळणं आणि टोकांच्या पट्ट्या एवढ्याशा जागेत कोंबायच्या असतात. एस डगमगता दिसत असेल तर बाकीचा फॉन्टही घाईत केलेला असण्याची शक्यता मोठी.

मथळ्यात आकडे असतील तर तेही लिहा. वर्ष, रक्कम, तारीख यांत शून्य आणि आठ हमखास येतात आणि जाड फॉन्टमध्ये आठाच्या दोन पोकळ्या बुजतात. ‘आणि’साठीचं अँपरसँड चिन्ह, अवतरणचिन्हं, उद्गारचिन्ह, रुपयाचं चिन्ह हवं असेल तर ते, सगळं यादीत हवं. रुपयाचं चिन्ह युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या सगळ्या लिप्यांच्या सामायिक संकेतात, २०१० मध्ये आलं. त्याआधी बनलेल्या आणि नंतर न सुधारलेल्या फॉन्टमध्ये ते नसतं.

३. खऱ्या मापात छापून पाहा

दोन-तीन फॉन्ट निवडले की विकत घेण्याआधी त्यांच्या पानावरच्या चाचणी-चौकटीत स्वतःचे शब्द टाका. बहुतेक फाउंड्र्या (आज फॉन्ट बनवून विकणाऱ्या संस्था) ही सोय देतात, काही चाचणीपुरती फाइलही देतात.

मग छापा. स्क्रीनवर झूम करून पाहणं पुरेसं होत नाही, कारण झूम केलेलं प्रत्येक अक्षर पोस्टरएवढं दिसतं. पोस्टर मोठं असेल तर ए४ चे तुकडे जोडून निदान एक शब्द पूर्ण मापात काढा. भिंतीवर लावा आणि वाचणारा जिथे उभा असेल तिथून पाहा.

पाहायचं काय? एक, आतल्या पोकळ्या. लहान ए, ई आणि कॅपिटल बी, आर यांच्यातली पांढरी जागा लांबून टिकते का? दोन, शेजारच्या अक्षरांच्या पट्ट्या. आर आणि ए, के आणि ए शेजारी आले की खालच्या पट्ट्या एकमेकींना चिकटतात किंवा केसाएवढी फट राहते. ही फट फार वाईट: छपाईत एका प्रतीत दिसते, दुसरीत भरते. एकतर पट्ट्या मुद्दाम पूर्ण जोडायच्या, नाहीतर डोळ्यांना स्पष्ट दिसेल एवढं अंतर ठेवायचं. तीन, कागद उलटा धरा. शब्द वाचायचा बंद झाला की काळ्या-पांढऱ्याचे ठिपके तेवढे उरतात आणि कुठे भोक पडलंय, कुठे गर्दी झालीय ते लगेच कळतं.

किती लहान आकारापर्यंत हा फॉन्ट चालतो तेही याच कागदावर तपासा. एकच ओळ ७२, ४८, ३६, २४, १८ आणि १४ पॉइंटात एकाखाली एक छापा. ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. जिथे ई ची आडवी रेघ आणि पट्टी एकमेकांत मिसळायला लागतात, त्याच्या वरची पायरी ही तुमची मर्यादा. अगदी जाड स्लॅब १८ च्या खाली क्वचितच टिकतो.

४. लायसन्स वाचा, मगच डाउनलोड करा

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण पुढचे सगळ्यात महागडे घोटाळे इथेच सुरू होतात.

फॉन्ट विकत घेणं म्हणजे वापरण्याची परवानगी विकत घेणं. ती परवानगी कामानुसार वेगवेगळी असते. डेस्कटॉप लायसन्सवर संगणकात फॉन्ट टाकून पोस्टर, पुस्तक, चित्र करता येतं; ते किती संगणकांसाठी आहे हे लिहिलेलं असतं. वेब लायसन्स वेगळं, अनेकदा महिन्याला किती जण पान पाहतात त्यावर ठरणारं. ॲपसाठी वेगळं, ई-बुकसाठी वेगळं. काही फाउंड्र्या बोधचिन्हासाठी किंवा विक्रीच्या वस्तूंवर छापण्यासाठी निराळी परवानगी मागतात. टी-शर्ट किंवा मग छापून विकणार असाल तर ही ओळ शोधून वाचाच.

मोफत फॉन्टमध्ये दोन जाती आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. एक जात ओपन फॉन्ट लायसन्सची. गूगल फॉन्ट्सवरचे बहुतेक फॉन्ट या लायसन्सखाली आहेत: व्यावसायिक काम चालतं, पीडीएफमध्ये बसवणं चालतं, बदल करणंही चालतं; फक्त फॉन्टची फाइल एकटीच विकता येत नाही आणि बदललेली आवृत्ती त्याच लायसन्सखाली द्यावी लागते. दुसरी जात ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ची. मोफत फॉन्टांच्या मोठ्या साठ्यांवर जुन्या धाटणीचे असंख्य स्लॅब असेच पडलेले असतात. डाउनलोडचं बटण दोघांवरही सारखंच असतं. झिप उघडल्यावर आत मजकुराची फाइल असते, ती वाचा. फाइलच नसेल तर तो फॉन्ट पैशाच्या कामाला लावू नका.

वाचलेलं लायसन्स, पावती आणि डाउनलोडची तारीख फोल्डरमध्ये ठेवा. दोन वर्षांनी ग्राहकाने ‘याचा परवाना आहे ना?’ विचारलं की शोधाशोध होत नाही.

५. फॉन्ट बसवा

विंडोजवर फाइलवर राइट क्लिक करून इन्स्टॉल, मॅकवर फॉन्ट बुक. झिपमधूनच थेट उघडू नका, आधी बाहेर काढा. ओटीएफ आणि टीटीएफ (फॉन्ट-फाइलीचे दोन प्रकार) दोन्ही दिल्या असतील तर एकच टाका. दोन्ही टाकल्या की एकाच नावाचे दोन फॉन्ट भांडतात आणि कधी कुठला उघडेल याचा भरवसा राहत नाही. फाइलच्या नावात व्हेरिएबल (एकाच फाइलीत अनेक वजनं) असेल तर तुमचं सॉफ्टवेअर त्याला साथ देतं का बघा, नसेल तर सोबतच्या स्टॅटिक फोल्डरमधल्या फाइली वापरा.

६. मथळा जुळवा

आता खरं काम.

*बोल्डचं बटण दाबू नका.* अल्फा स्लॅब वन किंवा बेवनसारख्या अनेक डिस्प्ले फॉन्टमध्ये एकच वजन असतं, आणि नाव ‘रेग्युलर’ असलं तरी ते जाडच असतं. त्यावर बी दाबलं की काही सॉफ्टवेअर अक्षराच्या कडा फुगवून खोटा बोल्ड करतात. पोकळ्या बुजतात, कोपरे बोथट होतात. वेबपानावर हे न मागता घडतं: ब्राउझर मोठ्या मथळ्याला आपसूक बोल्ड मानतो, फॉन्टमध्ये ते वजन नसल्यामुळे स्वतःच फुगवतो. सीएसएसमध्ये (वेबपानाचं रूप ठरवणारी भाषा) मथळ्याचं फॉन्ट-वेट ४०० करा, प्रश्न मिटतो.

*अक्षरं दाबू किंवा ताणू नका.* ओळ बसत नाही म्हणून रुंदी ८० टक्के केली की उभ्या रेघा बारीक होतात, पण आडव्या पट्ट्यांची जाडी तशीच राहते. अक्षर नकळत तिसऱ्या घराण्यात शिरतं आणि बिघडलेलं दिसतं. ओळ बसवायची तर शब्द वेगळे तोडा, आकार बदला किंवा त्याच कुटुंबातली अरुंद आवृत्ती घ्या. वर म्हटलेला जुळारी हेच करायचा.

*अक्षरांमधलं अंतर.* पूर्ण मथळ्याचं ट्रॅकिंग, म्हणजे सगळ्या अक्षरांमधलं सरसकट अंतर, आधी ठरवा, सुट्या जोड्या नंतर. ६० पॉइंटच्या वर जाड स्लॅब थोडा आवळलेला चांगला दिसतो. उणे दहा ते उणे वीस एवढं करून बघा. त्याच फॉन्टमध्ये लहान आकाराची कॅपिटल ओळ असेल तर उलट करा, अधिक पन्नासपासून पुढे जा. मग जोड्या. एल आणि टी, टी आणि ए, पी आणि ए यांच्यामध्ये पोकळ जागा राहते. उलट एच, आय, एन, एम एकमेकांशेजारी आले की चार पट्ट्या एका रांगेत येऊन कुंपण तयार होतं. अशा शब्दात आधी सगळ्यात वाईट पोकळ जागा शोधा. ती कमी करता येत नसेल तर बाकीचा शब्द तिच्या मापाने थोडा सैल करा. नवशिके बहुतेक वेळा सगळीकडे आवळतच जातात.

*ओळींमधलं अंतर.* फक्त कॅपिटल असतील तर खाली लोंबणारं काही नसतं, त्यामुळे लेडिंग, म्हणजे ओळीपासून ओळीचं अंतर, अक्षराच्या आकाराएवढं किंवा त्याहून कमी, ८५ टक्क्यांपर्यंत, नेता येतं. दोन ओळींमधली पांढरी पट्टी शब्दांमधल्या फटीच्या आसपास आली की मथळा एकसंध ठोकळा दिसतो. लहान लिपीत हे चालत नाही. जी, पी, वाय यांच्या शेपट्या खालच्या ओळीवर आदळतात.

*पर्यायी अक्षरं.* चांगल्या फॉन्टमध्ये आर, के, ए यांची दुसरी रूपं, ‘दि’ आणि ‘ऑफ’ यांसारख्या इंग्रजी शब्दांचे तयार छोटे ठसे, जोडअक्षरं दडलेली असतात. ग्लिफ पॅनल (फॉन्टमधली सगळी चिन्हं दाखवणारी चौकट) उघडून एकदा सगळं चाळा. एका मथळ्यात यातलं एखादंच वापरा.

७. सोबत देवनागरी असेल तर

मराठी-इंग्रजी मिश्र मथळ्याचं काम आपल्याकडे रोजचं, पण परदेशी फॉन्टच्या मार्गदर्शकांत याबद्दल अवाक्षर नसतं.

पहिली गोष्ट: बहुतेक स्लॅब फॉन्टमध्ये देवनागरी नसतेच. तुम्ही मराठी टाइप करता, अक्षरं दिसतातही, पण ती संगणकाने परस्पर उचललेल्या दुसऱ्याच फॉन्टची असतात. दुसऱ्या संगणकावर फाइल उघडली की तो पर्यायी फॉन्टही बदलतो. म्हणून मराठी ओळीला तुमच्या हाताने, नाव घेऊन फॉन्ट द्या.

काही कुटुंबांत दोन्ही लिप्या एकत्र आहेत. ‘कडवा’ हा सोल मातास यांच्या बिटर या स्लॅब फॉन्टवर आधारलेला, देवनागरीसह, रेग्युलर आणि बोल्डमध्ये. वैभव सिंग यांचा ‘एक्झार’ पाच वजनांत मिळतो आणि त्याचं सगळ्यात जाड वजन मथळ्याला भक्कम आहे. दोन्ही मोफत आहेत. पण अगदी काळाकुट्ट पोस्टरी स्लॅब हवा असेल तर रोमन एक आणि देवनागरी वेगळा अशी जोडी लावावीच लागते.

जोडी लावताना ‘बोल्ड’, ‘ब्लॅक’ या नावांवर विसंबू नका. एका फॉन्टचा बोल्ड दुसऱ्याच्या मीडियमएवढा असू शकतो. माझी पद्धत अशी: रोमन कॅपिटल आय च्या उभ्या रेघेवर तेवढ्याच रुंदीचा एक लाल चौकोन काढते. तो उचलून देवनागरी ‘ा’ च्या कान्यावर ठेवते. काना चौकोनाबाहेर डोकावला तर वजन उतरवायचं, आत राहिला तर चढवायचं. मग तोच चौकोन आडवा करून शिरोरेषेवर. शिरोरेषा बहुधा स्लॅबच्या पट्टीपेक्षा थोडी बारीकच निघते, आणि तशी असू द्यावी, कारण पट्टी तुटक येते तर शिरोरेषा सलग धावते. दोघींची जाडी तंतोतंत सारखी केली तर मराठी ओळ डोक्याकडे जड होते.

आकाराचंही तसंच. सारख्या पॉइंटात देवनागरी अक्षर रोमन कॅपिटलपेक्षा बहुतेक वेळा लहान दिसतं. १० ते २० टक्के वाढवून बघा. वरच्या मात्रा, रफार, अनुस्वार आणि खालचे उकार यांना जागा हवी, म्हणून कॅपिटलसाठी आवळलेलं लेडिंग मराठी ओळीला लावू नका. आणि ट्रॅकिंग तर अजिबात वाढवू नका; शिरोरेषा तुटते.

देवनागरी फॉन्ट पारखायला हे शब्द टाइप करून बघा: तऱ्हा, सुऱ्या, ॲप, ऑफिस, बाळ, शुद्ध, क्षितिज, श्रद्धा, कार्टून, दृष्टी, ट्रक. ‘ऱ्ह’मधला अर्धा र आणि ‘ॲ’ यांवर सजावटी फॉन्ट हमखास अडखळतात: रिकामा चौकोन येतो किंवा मोडका र आणि ठळक हलन्त दिसतो. ल आणि श ची मराठी वळणं फॉन्टमध्ये आहेत का तेही पाहा. काही फॉन्टांत ती असतात, पण सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी ठेवल्याशिवाय समोर येत नाहीत.

आणखी एक सापळा: कुणी पाठवलेला मराठी मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर नवा फॉन्ट लावताच त्याची रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी होते. फॉन्ट बिघडलेला नसतो. मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यायचा, आणि बदलल्यावर पुन्हा वाचून काढायचा. जोडाक्षरं आणि रफार तिथे हटकून चुकतात.

८. मथळ्याखालचा मजकूर

जाड स्लॅबखाली दुसरा स्लॅब नको. साधा, शांत सॅन्स (पट्ट्या नसलेला फॉन्ट) किंवा पुस्तकी सेरिफ पुरतो. एकाच पानावर तीन-चार वेगवेगळी सजावटी अक्षरं वापरून जुन्या पोस्टरचा भास आणायचा असेल तर खुशाल आणा, मूळ पोस्टर तशीच असत; मात्र तेव्हा प्रत्येक ओळ वेगळ्या रुंदीची आणि मधला भाग सममित ठेवा, नाहीतर पसारा होतो.

९. ‘झिजलेला’ परिणाम जपून

अनेक जुन्या धाटणीचे फॉन्ट खरवडलेल्या, शाई कमी लागलेल्या रूपात मिळतात. जाहिरातीत फार मोहक दिसतात. शब्दात एकच अक्षर दोनदा आलं की भांडं फुटतं: दोन्ही ई वर नेमका त्याच जागी तोच ओरखडा. खऱ्या लाकडी अक्षरात असं होऊच शकत नाही, आणि डोळा ते लगेच पकडतो. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची दोन-तीन झिजकी रूपं असतील तर ती बदलून वापरा. त्याहून चांगलं म्हणजे स्वच्छ फॉन्ट घ्या आणि जुना कागद किंवा शाईचा पोत वरून मास्क म्हणून लावा. पोत पूर्ण मथळ्यावर एकसलग पसरतो आणि नंतर काढताही येतो.

व्हिनाइल कापायचं, भरतकाम करायचं किंवा लेसरने कोरायचं असेल तर झिजका फॉन्ट घेऊच नका. प्रत्येक ओरखडा म्हणजे शेकडो बिंदू. कापणारं यंत्र अडखळतं आणि कणाएवढे तुकडे सुटतात. स्टेन्सिल कापताना आणखी एक अडचण: ओ, ए, बी यांच्या पोकळ्या गळून पडतात. त्यांना धरून ठेवणारे पूल असलेला स्टेन्सिल स्लॅब वेगळा मिळतो, तो निवडा.

थरांचे फॉन्टही असतात: सावली, कड, भराव यांच्या वेगळ्या फाइली एकावर एक ठेवायच्या. ॲडोबीचा रोझवूड असाच, लाकडी अक्षरं बनवणारे विल्यम पेज यांच्या १८७४ च्या नमुन्यांवरून घेतलेला. थरांना एकच आकार, एकच ट्रॅकिंग आणि एकच ओळतोड द्या. कर्निंग (अक्षरांच्या जोडीमधलं अंतर) हाताने बदलायचं असेल तर आधी एका थरावर पूर्ण करा, मग त्याच्या प्रती काढून फॉन्ट बदला.

१०. बाहेर पाठवताना

छपाईला: मूळ फाइलची प्रत काढा, प्रतीमध्ये मथळा कर्व्ह करा (म्हणजे अक्षरांचं आकृतीत रूपांतर करा), मग पीडीएफ बनवा. मूळ फाइल जिवंत मजकुरासह राहू द्या, कारण एकदा कर्व्ह झालेल्या शब्दातली चूक टाइप करून सुधारता येत नाही. कर्व्ह केल्यावर देवनागरीतली जोडाक्षरं आणि मात्रा जागेवर आहेत ना ते मोठं करून पाहा. काळ्या किंवा गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं असतील तर शाई चहूबाजूंनी आत सरकते. ई आणि एफ च्या पट्ट्यांमधली काळी फट आणि अक्षराची पांढरी पट्टी दोन्ही त्यात पुरेशा जाड हव्यात. कोटिंग नसलेला कागद शाई जास्त पितो, तिथे अंतर थोडं सैलच ठेवा. मोठ्या काळ्या अक्षरांना फक्त काळ्या शाईचं शंभर टक्के पुरतं की सोबत दुसऱ्या रंगांचा आधार हवा, हे छापखान्याला विचारा. प्रत्येक यंत्राचं प्रमाण निराळं असतं. लहान मजकूर मात्र निव्वळ काळ्यातच.

वेबसाठी: वॉफ २ ही फाइल वापरा, तीच सगळ्यात हलकी. जाड स्लॅब रुंद असतो, त्यामुळे तो उतरेपर्यंत दिसणारा पर्यायी फॉन्ट अरुंद असेल तर फॉन्ट येताच मथळा दोनच्या तीन ओळींवर जातो आणि खालचं सगळं पान खाली ढकललं जातं. पर्यायी फॉन्ट शक्य तेवढा रुंद निवडा. आणि मथळ्यातला सगळ्यात लांब शब्द ३२० पिक्सेल रुंदीच्या स्क्रीनवर मावतो का ते प्रत्यक्ष तपासा. मावत नसेल तर मोबाइलपुरता आकार उतरवा.

छापखान्याकडून पहिली प्रत आली की तिसऱ्या पायरीतला तुमचा ए४ चा कागद तिच्या शेजारी ठेवा. पोकळ्या, पट्ट्यांमधल्या फटी, आठाचा आकडा, ‘ऱ्ह’, शिरोरेषेची जाडी, या क्रमाने बोट ठेवून तपासा आणि मगच सही करा.